हलकी दुचाकी आणि कच्चा रस्ता : महाराष्ट्रातील ट्रेल मोटारसायकलींचा देखभालीच्या अंगाने विचार

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र कोणी बनविले, ते कोणत्या साली बाजारात आले, त्याची शक्ती किती होती, या प्रश्नांची उत्तरे सहज मिळतात. तेच यंत्र पुढे वीस वर्षे कोणी आणि कसे चालते ठेवले, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात ही उणीव दाखवून दिली आणि वापर व देखभाल यांना तंत्रज्ञानाच्या इतिहासात मध्यवर्ती स्थान द्यावे, असा आग्रह धरला. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या हलक्या दुचाकींचा विचार केला आहे. दुचाकी हलकी करण्याची किंमत देखभालीच्या रूपाने मोजावी लागते. ती किंमत कोण मोजतो आणि कोणाच्या हातून मोजली जाते, यावरच कोणती गाडी गावात टिकणार हे ठरत आले आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या विचारासाठी टेमघरचा परिसर सोयीचा आहे. (मुळशी तालुक्यातील टेमघर धरणाशी या गावाचा संबंध नाही.) भिवंडी-कल्याण मार्गावरील हे ठिकाण. शहाड येथे उचललेले उल्हास नदीचे पाणी येथे शुद्ध होऊन आसपासच्या शहरांना जाते, म्हणून ‘शहाड-टेमघर’ हे जोडनाव ठाणे जिल्ह्यात परिचयाचे झाले आहे. एका बाजूस यंत्रमागांचे शहर आणि गोदामांकडे धावणारी अवजड वाहतूक आहे. दुसऱ्या बाजूस पडघा, वाडा, वज्रेश्वरी, शहापूर या दिशांना जाणारे रस्ते आहेत, आणि त्यांना फुटणारे फाटे पाड्यापर्यंत पोहोचता पोहोचता मुरमाचे नि मग मातीचे होतात. एकाच दिवसात डांबर, खडी, मुरूम आणि चिखल अशा चारही पृष्ठभागांवरून दुचाकी न्यावी लागणे ही येथील नित्याची बाब आहे. परदेशात ज्या गरजेसाठी मोटारसायकलीचा एक स्वतंत्र प्रकार जन्मास आला, ती गरज येथे कोणी निराळे नाव न देताच भागविली जात होती.

ट्रेल मोटारसायकलची घडण

रस्ता सोडून दुचाकी चालविण्याच्या स्पर्धा युरोपात जुन्या आहेत. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची चाचणी स्पर्धा १९०९ पासून भरत आली. प्रारंभी या क्षेत्रात वजनदार फोर-स्ट्रोक ब्रिटिश गाड्यांचे वर्चस्व होते. सॅमी मिलर या स्वाराने १९६५ साली स्पेनमधील बुलटाको कंपनीच्या ‘शेर्पा’ या हलक्या टू-स्ट्रोक गाडीवर ती स्पर्धा जिंकली आणि हे चित्र पालटले. दगडाधोंड्यांत अश्वशक्तीपेक्षा वजनाचा अभाव अधिक उपयोगी पडतो, हे त्यातून सिद्ध झाले. १९६८ साली यामाहाने अमेरिकेच्या बाजारात ‘डीटी-१’ ही २५० सीसीची टू-स्ट्रोक गाडी आणली. सव्वाशे किलोंच्या आतील ही गाडी रस्त्यावरही चालविता येई आणि रानातही नेता येई. आज आपण ज्याला ट्रेल मोटारसायकल म्हणतो तिचा साचा येथून सर्वत्र पसरला. होंडाने १९७२ साली ‘एक्सएल २५०’ ही फोर-स्ट्रोक गाडी आणून याच गरजेला दुसरे उत्तर दिले.

या साच्यातील प्रत्येक अवयवामागे कारण आहे. पुढचे चाक मोठे, बहुधा एकवीस इंची असते, कारण मोठे चाक दगडावर कमी चढाच्या कोनातून चढते. चाकाला ओतीव रिमऐवजी तारा असतात. तारांचे चाक आदळले तर वाकते, पण ओढून पुन्हा सरळ करता येते; ओतीव चाक तडकते आणि मग तेथेच प्रवास संपतो. सायलेन्सर उंचावर असतो तो ओढ्याच्या पाण्यासाठी, आणि पुढचा मडगार्ड चाकापासून दूर असतो तो चिखल अडकून चाक जाम होऊ नये यासाठी. थोडक्यात, आपटणे, भिजणे आणि माखणे गृहीत धरून ही गाडी घडविलेली असते. गाडी बिघडणार नाही असा तिच्या कर्त्यांचा दावा नव्हता. बिघडल्यावर ती सोपेपणी पूर्ववत व्हावी, एवढाच त्यांचा हिशेब होता.

परवाना काळातील पर्याय

भारतात १९७० च्या दशकात असली गाडी उपलब्ध नव्हती. परदेशी दुचाकींच्या आयातीवर बंधने होती आणि देशी उत्पादनाची क्षमता सरकारी परवान्याने बांधलेली होती. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे त्या पिढीला सांगावयास नको. त्यामुळे येथील ग्राहकाने जे मिळाले त्यातून कच्च्या रस्त्याची गाडी निवडली, आणि ती निवड डोळस होती.

हरियाणातील फरिदाबाद येथे एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ‘राजदूत १७५’ बनविण्यास सुरुवात केली. तिचे मूळ पोलंडमधील ‘एसएचएल एम-११’ या गाडीत होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीत १९३९ साली तयार झालेल्या ‘डीकेडब्ल्यू आरटी १२५’ या साध्या टू-स्ट्रोक गाडीच्या रचनेवरून युद्धानंतर ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जपान येथे हलक्या दुचाकी निघाल्या होत्या. एक सिलिंडर, झडपा नाहीत, मोजकेच हलते भाग, हा तिचाच आदर्श राजदूतनेही पाळला होता. ‘बॉबी’ (१९७३) या चित्रपटात झळकलेली लहानखुरी ‘राजदूत जीटीएस’ तरुणांच्या स्मरणात राहिली. मात्र ग्रामीण अर्थव्यवहारात खरे काम केले ते थोरल्या राजदूतने. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकावून पहाटे गावातून शहराकडे निघालेली राजदूत हे उत्तर आणि पश्चिम भारतातील ओळखीचे दृश्य होते, आणि तिला ‘दूधवाल्याची गाडी’ हे नावच पडले.

म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीचा मुंबईशी जवळचा संबंध होता. तिचे संस्थापक रुस्तम इराणी १९५० च्या दशकात मुंबईतून झेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्यांची आयात करीत. १९६१ पासून म्हैसुरात उत्पादन सुरू झाले, १९७३ पासून ‘येझदी’ हे नाव आले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. जावा-येझदी राजदूतहून दमदार होती. किकचीच दांडी गिअरची दांडी म्हणूनही वापरण्याची तिची युक्ती प्रसिद्ध आहे. एन्फिल्डची बुलेट मजबूत खरी, परंतु दीडशे किलोंहून बरीच जड. चिखलात आडवी झालेली बुलेट एकट्या माणसाने उचलणे म्हणजे काय, हे ज्याने उचलली त्यालाच ठाऊक.

महाराष्ट्राचा स्वतःचा वाटा याहूनही हलक्या वाहनांत आहे. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर आधारलेली ५० सीसीची ‘लुना’ आणली. गिअर नाही, क्लचची दांडी नाही, आणि इंजिन बंद पडले तर सायकलीप्रमाणे पायडल मारण्याची सोय. ही सोय कष्टाची होती, पण घरी पोहोचविणारी होती. पुढे आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९८१ साली ‘एम-५०’ आणि १९८६ साली ‘एम-८०’ काढली. हँडलवरच गिअर, मागे भक्कम कॅरिअर आणि ७४ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असलेली ही गाडी भाजीवाले, पाववाले, मासेविक्रेते यांच्या पसंतीस उतरली. ट्रेल मोटारसायकलीच्या कोणत्याही व्याख्येत एम-८० बसणार नाही. परंतु ओझे घेऊन मुरमाच्या रस्त्याने रोज जाणे ही कसोटी लावली, तर शोभेच्या कित्येक ट्रेल गाड्या तिच्यापुढे मागे पडतील.

या गाड्यांचा प्रसार आणि कच्च्या रस्त्यांचा प्रसार एकाच काळातील आहे, याची नोंद घ्यावयास हवी. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला व १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेतून राज्यभर मातीकाम आणि मुरमाचे जोडरस्ते झाले. बैलगाडीच्या वाटेचा रस्ता झाला; त्यावर एसटी पोहोचण्यास वेळ लागणार होता, पण दुचाकी लगेच पोहोचली. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेमुळे गावोगाव संकलन वाढले आणि सकाळी ठरलेल्या वेळी केंद्रावर पोहोचणे हा रोजचा नियम झाला. दूध थांबत नाही. म्हणून गाडीही थांबून चालत नसे, आणि तिची दुरुस्ती गावातच व्हावी लागे.

काजळी, धूळ आणि फिटर

टू-स्ट्रोक गाडी वारंवार लक्ष मागते, हा तिच्यावरील आक्षेप रास्त आहे. तिच्या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. जुन्या गाड्यांत लिटरमागे चाळीस-पन्नास मिलिलिटर तेल मिसळावे लागे. तेल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरला धरतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि धुराड्याच्या तोंडाशी काजळी साठते. काजळी वाढली की गाडीचा दम जातो. मग हेड उघडून ती खरवडणे आणि सायलेन्सरची आतली नळी जाळून किंवा कॉस्टिक सोड्यात बुडवून साफ करणे ओघाने आले. पॉइंटमधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर राखावी लागे. त्यासाठीची पातळ पट्टी नसेल, तर अनुभवी फिटर हे काम नजरेने करीत. चेन सैल होई, तारा ढिल्या पडत, क्लचची केबल तुटे.

पण ही यादी लांब असली तरी त्यातील एकेक काम लहान आहे. प्लग पाना, पेचकस, काही स्पॅनर, कानस कागद आणि थोडे रॉकेल एवढ्या सामग्रीवर बहुतेक कामे रस्त्याच्या कडेला होत. मोठे काम म्हणजे सिलिंडर झिजणे. त्यासाठी फिटर सिलिंडर सोडवून तालुक्याच्या लेथवाल्याकडे बोअर करावयास पाठवी आणि एका माप मोठा पिस्टन व रिंगा घालून गाडी पुन्हा उभी करी. झडपा, कॅम, टायमिंग चेन यांपैकी काहीच नसल्याने चुकण्याच्या जागा थोड्या. राजदूतच्या जुन्या नमुन्यातील पुढच्या निलंबनाच्या सांध्यांतील बुश झिजत. त्यांना वेळेवर ग्रीस देणे आणि वर्षा-दोन वर्षांनी ते बदलणे यापलीकडे तेथेही काही नव्हते.

धुळीचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे, कारण कच्च्या रस्त्यावरील इंजिनाचे आयुष्य बहुतांशी हवेच्या गाळणीवर ठरते. फाल्गुन-चैत्रात ट्रकच्या मागे उडणारी मुरमाची भुकटी अतिशय बारीक असते. गाळणी फाटलेली असेल किंवा तिच्या कडेने हवा आत जात असेल, तर हीच भुकटी पॉलिशच्या खडीसारखे काम करते. येथे दोन्ही जातींच्या इंजिनांची वर्तणूक वेगळी आहे. टू-स्ट्रोकमध्ये धूळ पिस्टन-रिंगा खाते आणि कालांतराने शाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचते, पण वापरलेले तेल जळून बाहेर जात असल्याने ती साठत नाही. फोर-स्ट्रोकमध्ये धूळ तेलात मिसळून इंजिनभर फिरते आणि कॅम, रॉकर, तेलाचा पंप या सर्वांनाच झिजविते. म्हणजे फोर-स्ट्रोक गाडी देखभाल कमी वेळा मागते. मात्र ती कमी देखभाल चुकविल्याचा दंड मोठा असतो. ‘कमी मेंटेनन्सची गाडी’ या लोकप्रिय शब्दप्रयोगात ही दुसरी बाजू झाकली जाते.

पावसाळ्याचे तसेच आहे. कोकणपट्टीतील लाल चिखल मडगार्डखाली दाटून बसतो. म्हणून पुढचा मडगार्ड कापणे किंवा उचलून बसविणे हा उपाय परदेशी नमुने न पाहताही येथे सुचलेला आहे. ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी गेले की दोन-तीन किलोमीटर ब्रेक हलका दाबून तो सुकवावा लागे. टू-स्ट्रोकच्या मॅग्नेटोत ओल शिरली तर झाकण काढून फडक्याने पुसले की ठिणगी परत येई.

शंभर सीसीचे पर्व

१९८४ ते १९८६ या तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आणि कावासाकी बजाज यांच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि राजदूत-येझदीचे राज्य डळमळले. यापैकी यामाहाची ‘आरएक्स १००’ ही शंभर किलोंच्या आसपासची टू-स्ट्रोक गाडी आजही हौशी मंडळी जपून ठेवतात. मातीच्या स्पर्धांतही तिने नाव कमावले. तेलाची वेगळी टाकी असल्याने मिश्रणाचा व्यापही तिच्यात नव्हता. दीर्घकाळात मात्र जिंकली ती हिरो होंडाची फोर-स्ट्रोक ‘सीडी १००’. लिटरला मिळणारे किलोमीटर हे त्याचे उघड कारण. दुसरे कारण असे की, रोज सकाळी फिटरची आठवण न येणे ही ग्राहकाला प्रथमच परवडणारी चैन झाली होती. प्रदूषणाच्या १९९६ व २००० च्या कडक मर्यादांनी टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा शेवट जवळ आणला. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने रस्ताही बदलू लागला. मुरमावर डांबर आले, आणि जेथे ते पहिल्या दोन पावसांत वाहून गेले तेथे मुरमापेक्षाही वाईट असा खड्ड्यांचा रस्ता आला.

खरी ट्रेल गाडी येते

भारतीय कंपनीने रस्त्यावर आणि रानात चालेल अशी गाडी म्हणून मोठ्या प्रमाणावर विकावयास काढलेली पहिली लक्षणीय गाडी म्हणजे हिरोची २०११ मधील ‘इम्पल्स’. १४९ सीसी, सुमारे १३४ किलो, लांब हालचालीचे निलंबन. तिची जात ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या होंडाच्या गाडीशी जुळणारी होती. ती चालली नाही. समकालीन परीक्षकांनी दोष इंजिनाच्या तोकड्या शक्तीला दिला आणि ते खरेच आहे. परंतु ज्याला कच्च्या रस्त्याची गरज होती त्याचे काम अर्ध्याहून थोड्या अधिक किमतीच्या शंभर सीसी गाडीवर भागत होते, आणि तिचे सुटे भाग प्रत्येक बाजारपेठेत होते, हेही विसरता येत नाही.

मे २०१९ मध्ये आलेली ‘एक्सपल्स २००’ टिकली. १९९.६ सीसीचे इंजिन, २२० मिलिमीटरची जमिनीपासूनची उंची, पुढे एकवीस व मागे अठरा इंची तारांची चाके आणि सुमारे १५४ किलो वजन. तिचे इंजिन त्याच कंपनीच्या डांबरी रस्त्यावरील गाडीशी समान होते. म्हणजे गाडी विशेष असली तरी पिस्टन, क्लचच्या पट्ट्या, टायमिंग चेन हे भाग विशेष नव्हते. माझ्या मते तिच्या यशाचे हे कारण तिच्या रूपापेक्षा महत्त्वाचे आहे. २०१६ ची रॉयल एन्फिल्ड ‘हिमालयन’ लांबच्या प्रवासाला उत्तम असली तरी १८० किलोंच्या वर असल्याने येथील चर्चेत बसत नाही. कावासाकीची ‘केएलएक्स २३०’ २०२४ च्या अखेरीस भारतात आली. सुमारे १३९ किलो वजनामुळे ती खऱ्या अर्थाने हलकी आहे. विक्री-सेवा केंद्रांची विरळ जाळी हीच तिची अडचण.

स्पर्धेच्या गाड्यांचा वर्ग याहून पूर्णतः निराळा. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा पुणेकरांनी शंभर-सव्वाशे किलोंच्या फोर-स्ट्रोक गाड्या हवेत उडताना पाहिल्या. या गाड्यांचा हलकेपणा भागांची संख्या कमी करून साधलेला नसतो. प्रत्येक भाग बारीक आणि ताणाच्या टोकावर चालणारा करून तो साधलेला असतो. म्हणून त्यांच्या देखभालीचे मोजमाप किलोमीटरांत नसून तासांत असते. तेल साधारण दहा-पंधरा तासांनी बदलावयाचे, पिस्टन काही डझन तासांनंतर. पडघ्याहून वाड्यापर्यंत रोज ये-जा करणाऱ्याने अशी गाडी घेतली, तर एका महिन्यातच ती इंजिन उघडण्याची मागणी करील. राजदूतही हलकी होती आणि हीदेखील हलकी आहे. पण एकीचा हलकेपणा फिटरच्या आवाक्यातला होता, तर दुसरीचा प्रशिक्षित यंत्रज्ञ, आयात भाग आणि प्रायोजक यांच्या भरवशावर उभा आहे.

दुरुस्तीचा अधिकार कोणाचा?

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. इंधन आता पंप व इंजेक्टरमधून, संवेदकांच्या सांगण्यावरून जाते. याचे लाभ नाकारता येणार नाहीत. थंडीत किंवा घाटमाथ्यावर गाडी पहिल्याच बटणाला सुरू होते, धूर नाही, जेट खोलून फुंकणे नाही. अडचण येते ती टाकीत पाणी किंवा गाळ गेल्यावर. पूर्वी कार्बोरेटरची वाटी सोडून पाणी ओतून टाकले की प्रवास पुढे सुरू होई. आता पंप अडकला तर दोष वाचणारे उपकरण लागते, आणि ते बहुधा कंपनीच्या केंद्रावर असते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘एक्सपल्स २१०’ मध्ये पाण्याने थंड होणारे इंजिन आहे. शक्ती वाढली, पण रेडिएटर, नळ्या आणि पाण्याचा पंप हे आपटून फुटू शकणारे भागही वाढले.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. वाहने हे त्यातील एक क्षेत्र आहे. शहरी चर्चेत हा प्रश्न ग्राहकाचा हक्क म्हणून मांडला जातो. गावाच्या बाजूने पाहिले, तर तो फिटरच्या पोटाचाही प्रश्न आहे. ज्याने वीस वर्षे आवाजावरून बिघाड ओळखला, त्याचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही. ते शिकाऊ पोराच्या हातात जात होते आणि आता ते पोर गोदामात कामाला जाते. या ज्ञानाची मौखिक नोंद करण्याचे काम महाविद्यालयीन पातळीवर सहज होऊ शकते आणि ते लवकर व्हावयास हवे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना विजेवर परत आली. तिला तेल नाही, प्लग नाही, काजळी नाही. ओझे घेऊन लहान अंतरे जाणाऱ्यासाठी ती जुन्या लुनाची रास्त वारस ठरू शकते. मात्र तिची बॅटरी रस्त्याच्या कडेला उघडण्याची वस्तू नाही. अशाही गाडीचे पंक्चर काढणे, तारा ओढणे, चेन असल्यास ताणणे, ब्रेकची केबल बदलणे ही कामे जेथे होत होती तेथेच होतात. एक्सपल्सच्या ट्यूबच्या चाकाला काटा लागला, तर तिचा मालकही त्याच दुकानासमोर थांबतो, जेथे पूर्वी राजदूत थांबत असे.